ओढ्यावरचा जुना सदरा

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाडीत विहारासमोर नाटक होतं. ते बसवायचं काम दरवर्षी माझ्या गळ्यात पडतं, कारण मी शाळेत शिकवते. तेच तेच प्रसंग करून मला कंटाळा आला होता, म्हणून यंदा मी थेट अमेरिका गाठली. तिथल्या यादवी युद्धात गुलामगिरीतून सुटून फौजेत गेलेले काळे सैनिक, त्यांच्या हाती आधी बंदुकीऐवजी फावडी देणारे गोरे अधिकारी, मग त्यांनी दिलेली झुंज आणि शेवटी घरी परतणं. वरंधच्या रस्त्यावरच्या वाडीत हे कोण बघणार, असं सगळ्यांनी विचारून घेतलं. माझे सासरे भिकाजी मात्र एका शब्दात तयार झाले.

बाबा महार रेजिमेंटचे निवृत्त हवालदार. कवायतीचा भाग त्यांनी मला न विचारताच ताब्यात घेतला. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांचे कंपनीचे जुने निळे कोट आम्ही सैनिकांना चढवले होते. त्या निळ्या अमेरिकनांना बाबा खणखणीत आवाजात ‘दाहिने मुड’ करायला लावायचे. तिकडे असं नसेल हो बाबा, असं मी म्हटलं, तर म्हणाले, फौज सगळीकडची सारखीच. मुख्य सैनिक होता माझा मुलगा अश्वजित. रात्रपाळी करून आलेला तो उभ्या उभ्या पेंगायला लागला की बाबा हनुवटीखाली बोट लावून त्याची मान सरळ करायचे. आजा-नातवाची ही जोडी बघून मला इतकं बरं वाटायचं, की मी बाबांनाही नाटकात ओढलं. सैनिकाच्या म्हाताऱ्या बापाचं काम त्यांना दिलं.

त्यांचा प्रसंग शेवटचा. युद्ध संपलंय, मुलगा वर्दीत गावाकडे येतोय. वर्दीतला काळा माणूस दिसला की तिकडचे गोरे अंगावर धावून यायचे, म्हणून बाप गावाबाहेर जुना सदरा घेऊन थांबलाय. ‘वर्दी काढ, हा सदरा घाल, मग घरी चल,’ एवढंच त्याला म्हणायचंय. मुलगा मुकाट्याने कोट उतरवतो आणि पडदा पडतो.

तेवढं एक वाक्य बाबांच्या तोंडून निघेना. सदरा हातात धरून नुसते उभे राहायचे. आधी मला वाटलं विसरतात. मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तरी तेच. नाटकाच्या आदल्या दिवशी मात्र माझा पारा चढला. जमत नसेल तर तसं सांगा, मी शेजारच्या सुनीलला उभा करते, असं चारचौघांत म्हणाले. बाबांनी सदऱ्याची नीट घडी घातली, तो खुर्चीवर ठेवला आणि ते घरी गेले.

मी मागोमाग घरी आले. सासूबाई, म्हणजे जानकीबाई, पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कुरकूर सुरू केली. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“त्यांना वाक्य पाठ हाय गो,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या बापानं त्यांना तेच सांगितलं व्हतं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाबांचे आजोबा पहिल्या महायुद्धाच्या वेळी फौजेत गेले. लढाई संपल्यावर पलटण मोडली. ते वर्दी घालूनच गावात शिरले, तेव्हा भर रस्त्यात त्यांना मारलं आणि कोट अंगावरून ओरबाडून काढला. तेव्हापासून घरात रीत पडली. पोरगा सुट्टीवर यायचा असला की बापाने जुना सदरा घेऊन गावाबाहेरच्या ओढ्यावर जांभळीखाली थांबायचं. आजोबा आपल्या मुलासाठी, म्हणजे बाबांचे वडील चांगू यांच्यासाठी थांबले आणि चांगू बाबांसाठी. बाबांच्या वेळेपर्यंत दिवस पालटले होते, कदाचित कोणी काही म्हणालंही नसतं. पण बाप सदरा पुढे करून पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होता, म्हणून बाबांनी बटणं सोडली.

बाबांची कापडी पिशवी माझ्या डोळ्यांपुढे आली. वीस मार्चला चवदार तळ्यावर जाताना ते पदकं त्या पिशवीतून नेतात आणि महाडला उतरल्यावर छातीवर लावतात. धुळीने खराब होतील म्हणून जपतात, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो. मला रडू आलं. तशीच उठून अंगणात बाबांकडे गेले आणि म्हटलं, बाबा, मी ते वाक्य बदलते.

“नको. जसं झालं तसंच दाव,” ते म्हणाले. “बोलंन मी.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहारासमोर बसायला जागा उरली नव्हती. शेवटच्या प्रसंगाला बाबा सदरा घेऊन उभे राहिले. अश्वजित पाऊल आपटत समोर आला, थांबला आणि तालमीत ठरल्याप्रमाणे त्याने बटणाला हात घातला. बाबांनी तो हात धरला.

“काढू नको,” ते म्हणाले. “मी पुडं चालतो. तू माज्या मागनं ये.”

त्यांनी तो जुना सदरा स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि मंचावरून उतरून सरळ गावाच्या रस्त्याला लागले. अश्वजितने गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच जा म्हटलं. त्याच्यामागून बाकीचे निळे सैनिकही निघाले आणि त्यांच्यामागून सगळी वाडी. पडदा ओढायलासुद्धा कोणी जागेवर राहिलं नाही. माझ्या नाटकाचा शेवट पार बिघडला होता आणि मला त्याचा इतका आनंद झाला होता की काय सांगू.

जयंतीच्या सकाळी बाबांनी घरातच आरशासमोर पदकं लावली. पिशवी खुंटीला तशीच लटकत राहिली. मिरवणुकीला जाताना ओढ्यावरच्या साकवाशी ते थांबले, तसे आम्हीही थांबलो. काठावरच्या जांभळीखाली कोणीच नव्हतं. बाबांनी तिकडे तोंड केलं, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. हात खाली येईना.

मग सासूबाई त्यांच्या कोपराला हात लावून म्हणाल्या, “घेतला मामंजींनी सलाम. चला आता.”