चौऱ्याऐंशी नंबरचा कथ्थी

“उनमा लई ये बाई, ट्यूबना उजेडमा रंग खोटं बोलस!”

मित्रांनो, सुनंदाबाईंचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हा मी करकरीत नवा होतो. आज धुळ्यातल्या एका मॅचिंग सेंटरच्या दाराशी खिळ्याला लोंबकळतो आहे. ब्लाउजच्या कापडाचं जुनं शेडकार्ड, एवढीच माझी ओळख. पण मला आज राग आला आहे, आणि तो गिळून मी तुमच्याशी गोड बोलणार नाही.

कारखान्यात दोनशे चाळीस पट्ट्या कातरून माझ्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि प्रत्येकीखाली आकडा छापला. दुकानाचे मालक गिरधरनाना यांनी मला उघडलं आणि म्हणाले, “वा, नंबर कसे ठळक आहेत!” कामाला असलेल्या सुनंदाबाई मात्र पट्ट्यांवरून बोट फिरवत नावं घेऊ लागल्या. पोपटी, शेवाळी, मेंदी. कथ्थी, डाळिंबी, अंजिरी. नावं घेता घेता माझ्या आकड्यांची माणसं झाली.

काय नजर त्या बाईची! साडी आली की दाराबाहेर उन्हात धरायच्या, मग माझी एकेक पट्टी तिला लावून बघायच्या. साडीत जो रंग सगळ्यात कमी असेल तो ब्लाउजला द्यायच्या, म्हणजे त्याचाही मान राहतो म्हणायच्या. पाच जावा एका रंगाचा हट्ट धरून आल्या तर हसायच्या. “एक गडद ल्या, दोन सोशिक, एक फिका, आनि एक जरासा भांडखोर. पाचही गरीब रंग लिधात ते फोटो झोपी जाई!” कापड कापताना गुणगुणायच्या,

हिरव्याला खेटे हिरवा, झाली दोघांची दाटी,
मधी हळद बसव बाई, दोघांच्या समजुतीसाठी.

दोन हिरव्यांमध्ये पिवळी पट्टी ठेवली की खरंच दोघंही उजळायचे. ते मी माझ्या अंगावर अनुभवलं आहे.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. गिरधरनानांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. जन्मापासून दिसत नाही. त्यात त्यांचा काय दोष? पण हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. दुकानात कुणी नसलं की मला डोळ्यांजवळ धरून ते आकडे पाठ करायचे, आणि ताग्यावरच्या आकड्यावरूनच कापड कापायचे. गिऱ्हाइकानं मॅचिंगची तारीफ केली की मान डोलवून म्हणायचे, “या दुकानाला नजर आहे, ताई.” नजर सुनंदाबाईंची, आकडे माझे, आणि तारीफ नानांची! तरी आम्ही दोघं गप्प होतो.

दाराशी टांगून टांगून माझी एक बाजू विटली. रंगांचं खरं सांगणारं ऊनच माझं रूप घेऊन गेलं. यंदा कारखान्याचं नवं, चकचकीत कार्ड आलं. त्यात आकडे बदलले होते. माझा चौऱ्याऐंशी म्हणजे कथ्थी, भाजलेल्या काताचा तांबूस तपकिरी. नव्या कार्डाचा चौऱ्याऐंशी म्हणजे मेंदी, काळपट हिरवा. सुनंदाबाईंनी हे नानांना दोनदा सांगितलं. “हो, हो, दिसतं मला,” म्हणाले ते. दिसत कुठे होतं?

गेल्या आठवड्यात प्रमिलाबाई आल्या. लेक मेघाचं लग्न; मोहरी रंगाची साडी, तिला कथ्थी काठ. सुनंदाबाईंनी माझ्यावरून रंग जुळवला, चिठ्ठीवर ‘८४, कथ्थी, जुना’ असं लिहिलं आणि त्या मागे जेवायला गेल्या. नानांनी फक्त आकडा वाचला. नव्या ताग्यातून चौऱ्याऐंशी कापला, पुडकं बांधलं, दिलं.

काल प्रमिलाबाई पुडकं घेऊन परत आल्या. लग्न तीन दिवसांवर.

“हाऊ कथ्थी शे का? मेंदी हातले लावतस नाना, ब्लाउजले नही!”

नानांनी पुडकं उलटसुलट केलं. मग त्यांनी सुनंदाबाईंकडे बोट केलं. “यांचं वय झालं, ताई. डोळे गेले. उद्यापासून मागे फॉल लावत बसतील.”

सुनंदाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं आणि माझी चौऱ्याऐंशीवी पट्टी पुढे धरली. “ताई, मी हाऊ रंग लिखेल व्हता.”

“ते जुनं कार्ड!” नाना ओरडले. “विटलंय ते. त्याचं काय ऐकता?”

विटलो आहे मी, नाना! पण खोटा नाही झालो. एकवीस वर्षं माझे आकडे वाचून तुम्ही दुकान चालवलंत, आणि आता मला चिंधी म्हणता? त्या बाईला आंधळी म्हणता? मित्रांनो, एखादी गोष्ट दिसत नसेल, येत नसेल, तर तोंड उघडून सांगा. कुणी खात नाही. पण ज्याच्या नजरेनं तुम्ही जग बघता, त्याचे डोळे काढून स्वतःची अब्रू झाकू नका. आणि जुन्या वस्तूंना, जुन्या माणसांना भिंतीला टांगून विसरू नका.

सुनंदाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी मला काउंटरवर ठेवलं आणि शेजारी हातातली कातरही ठेवली. एकवीस वर्षांनी त्यांचा हात रिकामा झाला. “येस मी, नाना,” असा निरोप घेऊन त्या चपला शोधू लागल्या.

“मग आते तुम्हीच काढा,” प्रमिलाबाईंनी काउंटरवरच्या कातरणांतून एक कथ्थी आणि एक मेंदी तुकडा उचलून नानांपुढे टाकला. दोन्ही बिननंबरी. “यामा कथ्थी कोनता?”

नानांनी दोन्ही तुकडे उचलले. डावा बघितला. उजवा बघितला. पुन्हा डावा. दुकानात गिऱ्हाइकं थबकली होती. सुनंदाबाईंचा एक पाय चपलेत गेला होता. मला नानांची कीव यायला हवी होती, पण नाही आली.

नानांनी दोन्ही तुकडे खाली ठेवले. गिऱ्हाइकांशी बोलायची त्यांची शहरी भाषा कुठल्या कुठे गळून गेली.

“सुनंदाबाई, जाऊ नका,” ते म्हणाले. “माले लाल आनि हिरवा एकच दिसस. लहानपनपाईन. ताई, चूक मन्ही शे. यासनी नही.”