वरच्या खोलीच्या तीन काचा

बोरगाव मेघेतल्या घरच्या किराणा दुकानावर खोली चढवली, तेव्हा खिडक्या कशा बसवायच्या हे रक्षानेच ठरवलं. घरातलं बाकी सगळं सासरे, बंडूजी, ठरवत. जिना मागच्या बोळीतून काढायचा, इन्व्हर्टर जिन्याखाली ठेवायचा, रंग कुठला द्यायचा, सगळं. पण ही खोली रक्षाच्या शिवणकामासाठी होती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच बंडूजींनी तिला विचारलं, "बोल, तुले खिडक्या कशा पायजे?"

रक्षाचं उत्तर तयार होतं. ती शाळांचे गणवेश शिवायची. पांढरे शर्ट. घराच्या ओसरीत मशीन होती तेव्हा समोरून एक ट्रक गेला की शर्टांवर धूळ बसायची. एका शाळेने अख्खा गठ्ठा परत पाठवला होता. एकदा वानर आत शिरून कापलेल्या कापडाचा ढीग विस्कटून गेलं होतं. शिवाय येणारे-जाणारे मान वळवून आत पाहायचे, ते वेगळंच. तिला आता काहीही आत यायला नको होतं.

काचवाला लहानू माप घ्यायला आला तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "तिन्ही फिक्स? एकही उघडनारी नाई?"

"नाई."

"एक पल्ला तरी सरकता ठेवा ना ताई."

"सरकत्याच्या फटीतून धूळ येते लहानूभाऊ. एसी बसवून राह्यलो न आम्ही."

"अन् लाइन गेली तं?"

"पंख्याले इन्व्हर्टर हाय खाली."

लहानूने वाद घातला नाही. रस्त्याकडच्या भिंतीत त्याने तीन मोठ्या काचा बसवल्या. सहज फुटू नये अशी टफन काच, आणि बाहेरून आरशासारखी दिसणारी. आतून रस्ता काळपट दिसायचा, रस्त्यावरून मात्र काचेत फक्त आभाळ दिसायचं. हेही रक्षानेच सांगितलं होतं.

पहिले काही महिने तिला त्या खोलीत शिरताना फार बरं वाटायचं. दार लावलं की रस्ता मुका व्हायचा. चार बायका कामाला होत्या. बोरगावातल्याच एका घरच्या दोघी जावा शिलाई करायच्या. वीस वर्षांची अंकिता कापड बेतायची. आणि आंजीहून बसने येणाऱ्या अनुसयाबाई काज-बटणं करायच्या. त्या साठीला टेकल्या होत्या, छाती जुनीच अधू. तासातासाला उठून जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या.

"मावशी, दार लावून घ्या. गारवा जाते," रक्षा म्हणायची.

"अव, दोन घडी हवा घेऊ दे. इथं सकाळ हाय का दुपार हाय थेच समजत नाई मले."

रक्षाला ते टोचायचं. इतकी चांगली खोली आणि ही बाई त्यात खोट काढते, असं वाटायचं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाळेचे साडेतीनशे शर्ट द्यायचे होते. उन्हामुळे दुकान एक वाजता बंद झालं आणि बंडूजी घरी जाऊन झोपले. रक्षाचा नवरा धीरज मालासाठी हिंगणघाटला गेला होता. दोनच्या सुमारास लाइट गेली. एसी थांबला, इन्व्हर्टरवर पंखे चालू राहिले. बायकांनी पदर खोचले आणि काम सुरू ठेवलं.

अर्ध्या तासात खोली तव्यासारखी तापली. मग पंखेही थांबले. जळक्या रबराचा वास आला. अंकिता दार उघडायला गेली आणि तशीच मागे सरली.

"ताई! जिन्यात धूर!"

रक्षा धावली. चार पायऱ्या उतरली. इन्व्हर्टरच्या बॅटरीने पेट घेतला होता, आणि तिच्याशेजारी रचलेले दुकानाचे रिकामे खोके धडधडून जळत होते. बोळीत उघडणारं दार त्या आगीच्या पलीकडे होतं. धूर इतका काळा होता की पाचवी पायरी दिसेना. ती खोकत वर आली आणि तिने दार आतून लावून घेतलं.

"दार काऊन लावलं?" अनुसयाबाई ओरडल्या. "उघड व, मले जाऊ दे!"

"खाली आग हाय मावशी. तिकडून नाई जाता येत."

दाराखालच्या फटीतून धूर येतच होता. रक्षाने इकडे-तिकडे पाहिलं. हाताशी तयार शर्टांचे गठ्ठे होते. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिने एक गठ्ठा सोडला, माठातलं पाणी त्यावर ओतलं आणि ओले शर्ट फटीत कोंबले. दोघी जावांनी दुसरा गठ्ठा घेतला. धूर कमी झाला, थांबला नाही.

तिने अग्निशमनला फोन लावला. गाडी निघते, दार बंद ठेवा, असं त्यांनी सांगितलं. बंडूजींचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. धीरजने उचलला. "मी निघालो, कोणाले तरी पाठवतो," एवढं बोलून त्याने ठेवला. हिंगणघाट काही जवळ नव्हतं.

अंकिताने लाकडी स्टूल उचलून मधल्या काचेवर मारलं. ते उसळून परत आलं. रक्षाने इस्त्री दोन्ही हातांनी फेकली. काचेवर ओरखडासुद्धा उमटला नाही.

समोर रस्त्याच्या पलीकडे रसवंती होती. रसवंतीवाला गिऱ्हाइकाला ग्लास देत होता. पाचही जणी काचेवर हात आपटू लागल्या, ओरडू लागल्या. त्याला काहीतरी जाणवलं असावं. त्याने वर पाहिलं, थेट त्यांच्याकडे. डोळे बारीक केले. मग दुपट्ट्याने मान पुसली आणि पुन्हा चरकाकडे वळला. आग मागच्या बोळीत होती. पुढून त्याला बंद दुकान दिसत होतं आणि वर तीन निळ्या काचा.

"दिसून नाई राह्यलो आपण त्याले," अंकिता म्हणाली आणि रडायला लागली.

अनुसयाबाई खाली बसल्या होत्या. त्यांच्या श्वासाचा आवाज शिट्टीसारखा येत होता. ओठ काळसर पडले होते. रक्षाला वाटलं, मी हे सगळं हाताने निवडलं. एकेक गोष्ट विचार करून निवडली. तेवढ्यात तिला लहानू आठवला.

त्याने दुसऱ्या रिंगला फोन घेतला.

"लहानूभाऊ, आग लागली. आम्ही वर अटकलो. काच फुटत नाई."

लहानू एक क्षणही थांबला नाही. "फोडू नका. थे तुमच्यानं नाई फुटणार. नीट आयका. आतून काचेच्या कडेले काळं रबर दिसते न?"

"दिसते."

"कोपऱ्यातून उचकून पूर्ण ओढून काढा. त्याच्या बाजूची पट्टी आतून बसवली हाय, दाबून. चापट वस्तू घालून थे उचका. बाजूच्या दोन, मंग खालची. वरची सगळ्यात शेवटी, नाईतं काच अंगावर येईन. चापट काय हाय तुमच्यापाशी?"

"कात्री."

"होते मंग. लागा. मी निघालोच."

अंकिताने शिवण उसवायच्या हत्याराने रबराचं टोक वर काढलं. दोघी जावांनी ते धरून ओढलं. ते सापासारखं सरसर निघून आलं. रक्षाने कापड कापायची मोठी कात्री पट्टीखाली घातली आणि अंगाचा भार टाकला. पट्टी हलेना. तिसऱ्यांदा कात्रीचं टोक मोडलं, पण पट्टी टक्‌कन सुटली. मग दुसरी. खालची काढताना तिचा तळहात चिरला. रक्त पांढऱ्या शर्टांवर पडत होतं. धूर आता छताशी ढगासारखा साचला होता आणि खाली उतरत होता. त्या गुडघ्यांवर बसून काम करत होत्या.

"मावशी, झोपू नका! बोला काईतरी!" अंकिता ओरडत होती. अनुसयाबाई बोलल्या नाहीत.

वरची पट्टी निघाली तरी काच तिथेच. बाहेरून सिलिकॉनने धरून ठेवली होती. जावांनी दोन्ही बाजूंनी चौकटीत बोटं रोवली, रक्षाने मोडकी कात्री खालून आत सारली आणि तिघींनी एकदमच हिसका दिला. काच अखंड आत आली. तिघी तिच्यासकट मागे पडल्या.

रस्ता एकदम खोलीत शिरला. हॉर्न, चरकाच्या घुंगरांचा आवाज, ऊन, धूळ. रक्षा अर्धी बाहेर वाकून ओरडली आणि यावेळी रसवंतीवाल्याने हातातला ग्लास टाकून दिला.

शटरवरच्या पत्र्यापर्यंत शिडी लागली. आधी अनुसयाबाईंना उतरवलं, चौघांनी मिळून, साडीची झोळी करून. मग बाकीच्या. रक्षा शेवटी उतरली. अग्निशमनची गाडी तेव्हा चौकातून वळत होती.

अनुसयाबाई सहा दिवस दवाखान्यात राहिल्या. वाचल्या. पण छाती आणखी खराब झाली. डॉक्टरांनी घरी वाफ घ्यायचं मशीन लावून दिलं.

आठवड्याने बंडूजी वर जाऊन खोली पाहून आले. जेवताना म्हणाले, "त्या लहानूले बोलावून काच परत बसवून घे. फुटली कुठं थे? साबूत हाय."

"नाई मामाजी. तिन्ही काढाच्या. उघडनाऱ्या लावाच्या."

"काऊन? इन्व्हर्टर आता बाहेर टाकला. खोके काढले. आता कायचं भेव?"

"मले त्या बंद काचेत बसनं होत नाई."

बंडूजींनी घास खाली ठेवला. "तुले विचारलं होतं न मी? तूच म्हणलं, फिक्स पायजे. घरात पयल्यांदा तुले विचारलं अन् तू हे केलं."

धीरज ताटाकडे पाहत होता. बंडूजींच्या बोलण्यात खोटं तर काहीच नव्हतं.

"मीच केलं," ती म्हणाली. "म्हणूनच मी सांगून राह्यली. लहानूभाऊले मी फोन केला हाय. उद्या येते थो."

बंडूजी उठून गेले. त्यानंतर घरात कुणी तिला काही विचारलं नाही. चहासुद्धा सासू तिला न विचारता करायची.

लहानूने तिन्ही ठिकाणी सरकते पल्ले बसवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काम पुन्हा सुरू झालं. दोघी जावा आल्या, अंकिता आली. सगळे पल्ले उघडे होते. शर्टांवर धूळ बसत होती, त्यावर जुनं धोतर झाकून त्या शिवत होत्या. दुपारी वाऱ्याने दार धाडकन लागलं. पुढच्या क्षणी रक्षा खाली बोळीत उभी होती. मशीनवरून कधी उठली, पायऱ्या कधी उतरली, तिला आठवेना. असं त्या आठवड्यात तीनदा झालं.

रविवारी ती आंजीला गेली. अनुसयाबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. रक्षाने संत्री ठेवली आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशी, आता सगळ्या खिडक्या उघडतात. तुम्ही याल काय?"

"नाई बाई."

"माह्यं चुकलं."

अनुसयाबाई बराच वेळ श्वास सावरत राहिल्या. मग म्हणाल्या, "काचेचं नाई मले काई. पण तू दार लावलं न, तवा मले वाटलं, ही आमाले कोंडून मारते. तुह्या तोंडाकडे पाहून वाटलं मले तसं. आता समजते का तू बरोबर केलं. पण रात्रंदिवस मले तुह्यं थेच तोंड दिसते."

शेजारच्या घरी कुणीतरी भांडी घासत होतं.

"काज-बटणं पाठवत जाजो अंकितासंगं," थोड्या वेळाने अनुसयाबाई म्हणाल्या. "इथं बसून करीन, होईन तेवढे. तू नको येत जाऊ सारखी. मले त्रास होते."

रक्षा बसची वाट पाहत फाट्यावर उभी राहिली. बस आली, पण आतली गर्दी आणि लागलेलं दार पाहून ती चढलीच नाही. धीरजला फोन केला. तो मोटारसायकल घेऊन आला, तोवर ती उन्हातच उभी होती.

सोमवारी अंकिताने चाळीस शर्ट आंजीला नेले.