पाळण्यात निजवलेला मँगनीजचा दगड

मी मँगनीजचा दगड बोलतोय. दगड बोलतो म्हणून दचकू नका. मी ज्या घरात राहतो तिथे माझ्याहून कमी विचार करून बोलणारी माणसं आहेत, आणि त्यांचं सगळे ऐकतात.

माझा जन्म समुद्राच्या तळाशी झाला. आज तुमसरच्या बाजूला जिथे धान उभा असतो, तिथे तेव्हा पाणीच पाणी होतं आणि मी तळाचा गाळ होतो. वर थरावर थर साचले. जमिनीने मला दाबलं, तापवलं, गोधडीसारखं दुमडलं आणि काळा, जड करून ठेवलं. एकदा कॉलेजची पोरं माझ्या थरात शंखशिंपले शोधत होती. मिळणार कुठून? मी इतका जुना, की तेव्हा हाडं मागे ठेवून मरायला कोणी जन्मलंच नव्हतं.

मग माणसं जन्मली आणि माझ्या डोक्यावर रेघा ओढत बसली. माझा अर्धा थर मध्य प्रदेशात, अर्धा इकडे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा वर केवढी चर्चा चालली होती. मला कोणी विचारलं नाही. मी होतो तिथेच होतो.

पुढे सुरुंग लागला. माझे भाऊ भट्टीत गेले, पोलादात मिसळले, रूळ झाले. मी मात्र खड्ड्यातून उसळलेल्या ट्रकमधून उडालो आणि टेकचंदच्या सायकलपुढे पडलो.

टेकचंद राईस मिलमध्ये पोती उचलतो. त्याच्या पोराचं बारसं तोंडावर आलं होतं आणि घरात वरवंटा नव्हता. मिक्सर आला त्या दिवशी पाटा-वरवंटा अडगळ म्हणून टाकून दिला होता. आता बारशात वरवंट्याला टोपरं घालायचं, पाळण्याखालून फिरवायचा, बाळाशेजारी भाऊ म्हणून निजवायचा. मिक्सरला कसं निजवणार?

"काळा आहे, जड आहे. चालते," टेकचंद म्हणाला.

त्याच्या आईने, गोदावरीबाईने, मला तेल लावलं, कुंकू लावलं, टोपरं बांधलं. एवढं वय झालं तरी मला पाळण्यात कोणी घातलं नव्हतं. बारसं झाल्यावर काढतील म्हटलं, तर म्हातारी म्हणाली, "राहू द्या. लेकराची राखण करते."

पोरगा मोठा झाला, कुशीवर वळू लागला. हाताला लागेल ते तोंडात, तसा मीही तोंडात. त्याचे ओठ काळे झाले. त्याची आई डिंपल पदराने पुसत राहायची. सातवी शिकलेली पोर, पण जीव सारखा टांगणीला.

"आई, याचा काळा रंग पोटात जाऊन राहिला."

"कायले भेतेस वं? त्यानं आपल्या हातानं तीट लावली. नजर लागनार नाही."

मग त्याला जुलाब लागले. माझ्यामुळे की कशामुळे, मला ठाऊक नाही. म्हातारीने ओळखलं की नजरच लागली. उपाय काय केला? मलाच उचललं, पोरावरून ओवाळलं आणि त्याच्या तोंडाच्या आणखी जवळ ठेवलं. "आता कोनी हात लावू नका याले," म्हणाली.

डिंपल नवऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "तू आन् माय पाहून घ्या." मिलमध्ये क्विंटलची पोती उचलणाऱ्याला घरातला एक दगड उचलवेना.

दुसऱ्या दिवशी म्हातारी उन्हाळी धानाच्या निंदणाला गेली. डिंपलने मला टोपऱ्यातून काढलं, शिवरात्रीच्या उपासाचं उरलेलं जाडजूड रताळं त्यात पुरतं झाकून बांधलं आणि मला गोठ्यात बकरीच्या खुंटीशी टेकवलं. मग पोराला उचलून दवाखान्यात नेलं. औषध आणलं, ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं.

पोरगा बरा झाला. गोदावरीबाई गावभर सांगत फिरली, "माह्या दगडानं तारलं." रोज रताळ्याला हात जोडायची. मी गोठ्यातून ऐकायचो.

एक दिवस टोपऱ्याबाहेर कोंब आला. म्हातारीने गाठ सोडली, पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"दगड कुठी आहे?"

"बकरीपाशी," डिंपल पोराला छातीशी धरून म्हणाली. "मी नाही ठेवनार आता त्याच्यापाशी. हाकललं तरी नाही."

म्हातारी काही बोलायच्या आत दारातून हाक आली. शेजारच्या पार्वताबाईच्या नातवाचं बारसं होतं. "गोदाबाई, तुमचा तो दगड देता का? बाळापाशी ठेवतो."

म्हातारीने एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा नातवाच्या गुलाबी ओठांकडे. मग कोंब मोडला, टोपऱ्याची गाठ घट्ट बांधली आणि रताळं पार्वताबाईच्या हातात दिलं.

"लय हलका आहे वं," पार्वताबाई म्हणाली.

"देवाले वजन नसते. टोपरं उघडू नको."

डिंपल तोंडाला पदर लावून चुलीकडे वळली.

आता मी खुंटीपाशी आहे. बकरीने मला एकदा चाटून पाहिलं आणि तोंड फिरवलं. या घरात डिंपलच्या पाठोपाठ तिलाच कळलं. माझं एवढंच मागणं आहे. मला भट्टीत घाला, दाराला अडकण म्हणून लावा, धानाच्या कोठीवर ठेवा. लेकराचा भाऊ तेवढा करू नका. माझ्यापेक्षा रताळ्याने राखण बरी केली.