दीड वाजल्याची नोंद

मित्रांनो, पत्त्यांच्या जोडाएवढी एक हिरवी पाटी आणि तिच्यावर चार-दोन चिपा, एवढाच मी आहे. लोक मला संगणक म्हणतात. मला स्वतःला त्याची पुरती खात्री नाही.

एका दवाखान्यात लशींच्या फ्रीजवर लक्ष ठेवायला मला आणले. दुरुस्तीवाल्याने नखाएवढ्या कार्डावरून माझ्यात लिनक्स नावाची संगणक चालवणारी प्रणाली घातली. पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच उमटेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "कीबोर्ड मेलाय का रे?"

"नाही साहेब, पासवर्ड दाखवायला तो लाजतो."

पहिल्याच दिवशी संशय! मला वाईट वाटले.

दुरुस्तीवाल्याने तारीख-वेळ हाताने भरली. वेळ आपोआप जुळवणारे इंटरनेट जोडायचे मात्र "नंतर बघू" म्हणून राहूनच गेले. मित्रांनो, माझ्या पोटात घड्याळ नाही. वीज तुटली की मी थांबतो, आणि परत आली की थांबलो होतो तिथूनच वेळ मोजू लागतो. हे मला कुणी विचारले नाही.

इन्व्हर्टरमुळे वर्षभर माझी वीज कधी तुटली नाही आणि माझे कौतुक झाले. मग मीही फ्रीजजवळ येणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहू लागलो.

एका सकाळी नर्सला फ्रीजचे दार किलकिले दिसले. लशी वाया गेल्या होत्या. माझी नोंद होती, काल दुपारी दीडपासून फ्रीज तापतोय.

"दीडला इथे तुम्हीच होतात, सिस्टर."

"दार मी लावलं होतं, सर. तीनला घरी जातानाही बघितलं."

"यंत्र खोटं बोलेल का? उद्यापासून येऊ नका." डॉक्टर तिचे नाव अहवालात लिहू लागले. मलाही तिचाच संशय आला.

"पण सर, काल दुपारी एकला तुम्हीच या संगणकाचा प्लग काढून मोबाइल लावलात. मी जाईपर्यंत तो बंद होता. मग दीडला त्यानं लिहिलं कसं? विचारा त्याला, आत्ता किती वाजलेत!"

डॉक्टरांनी विचारले. मी बेधडक सांगितले, पहाटेचे पाच.

भिंतीवर नऊ वाजले होते.

"प्लग मी संध्याकाळी पाचला परत लावला," डॉक्टर पुटपुटले. मग त्यांनी बोटांवर मोजले. दीड आणि बंद राहिलेले चार तास, साडेपाच. साडेपाचला दवाखान्यात ते एकटेच होते.

"बसा, सिस्टर."

"आधी माझं नाव खोडा."

त्यांनी खोडले.

मित्रांनो, आमचा प्लग उपटू नका, आम्हाला घड्याळाचा सेल बसवा. आणि माझ्या शब्दावर कुणाला घालवण्याआधी माझीही उलटतपासणी घ्या. चुकीचे सांगतानाही माझा हिरवा दिवा तितक्याच शांतपणे लुकलुकत असतो.