दादासोंनी उघडलेली पार्सलची पावती

मी एक जुना संगणक आहे आणि, मित्रांनो, आज मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. आष्ट्याच्या एका फोटो स्टुडिओत नऊ वर्षे राबून माझ्या वाट्याला काय आले, ते ऐका.

सांगलीतल्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केले. स्टुडिओचे मालक दादासो मला एसटीतून, मांडीवर धरून घेऊन आले. मग काम सुरू झाले. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, भरतीला निघालेल्या पोरांचे फोटो! पुराच्या वर्षी गावातल्याच बनुबाई भिजलेला अल्बम पदरात गुंडाळून घेऊन आल्या. दादासोंनी एकेक फोटो अलगद सोडवला, पंख्याखाली वाळवला आणि स्कॅन करून माझ्याकडे दिला. असे एक्केचाळीस फोटो. मूळ कागद पुढे बुरशीने खाल्ले. बनुबाई म्हणाल्या, "आता आमचं समदं घर ह्या पेटीत हाय बघा." मला फार अभिमान वाटला.

पण दादासोंना धीर कसला तो नाही! अँटिव्हायरसची लाल पाटी दिसली की ते चिडायचे. "ह्ये काय सारखं मधी मधी येतंय?" म्हणून त्यांनी तो बंदच करून टाकला. त्यांची मुलगी संयोगिता सांगलीला कॉलेजात शिकते. फोटोंच्या दुसऱ्या प्रती ठेवायला तिने एक वेगळी हार्ड डिस्क आणून दिली. "आबा, काम झालं की ही काढून कपाटात ठेवायची," तिने बजावले होते. काढतो कोण? ती वर्षभर मलाच जोडलेली!

एका दुपारी मेल आला. 'तुमचे पार्सल अडकले आहे. सोबतची पावती त्वरित उघडा.' अहो, दादासोंनी पार्सल मागवलेलेच नव्हते! पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे अक्षरांचा नुसता चिवडा. पावतीच्या नावापुढे त्यांना पीडीएफ एवढेच दिसत होते, पण त्याच्याही पुढे लपलेले ईएक्सई मला दिसत होते. म्हणजे ती पावती नव्हतीच, तो चालू होणारा प्रोग्राम होता. 'हा प्रोग्राम चालवायचा का?' असे मी विचारलेही. दादासो म्हणाले, "व्हय रं बाबा, व्हय!" आणि त्यांनी बटण दाबले.

बघता बघता फायलींची नावे बदलली. एकही फोटो उघडेना. जोडलेल्या हार्ड डिस्कवरच्या प्रतीही कुलूपबंद झाल्या. पडद्यावर पैशांची मागणी आली. दादासोंनी संयोगिताला फोन लावला.

"आबा, आधी नेटची वायर काढा! पैसे एक रुपया द्यायचे न्हाईत. दिले तरी फोटो मिळतीलच असं न्हाई."

ती आली, तिने पोलिसांकडे तक्रार नोंदवली, आणि शेवटी मला पूर्ण पुसून कोरे केले. फोटो गेले.

बनुबाईंना सांगताना दादासोंची मान वर होईना. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "जयराजला इचारते. त्यातलं काही फोटो तुमी त्याला धाडलं व्हतं की." जयराज हा त्यांचा मुलगा, सैन्यात आहे.

दोन दिवसांनी त्याच्या नावाने मेल आला, सोबत जोडलेली फाईल. दादासोंचा हात माउसवरच थांबला. त्यांनी आधी फोन केला.

"जयराज, मेल तूच धाडलास का रं? फाईल कसली हाय?"

"व्हय काका, मीच. नऊ फोटो हायत."

तेव्हा कुठे त्यांनी ती उघडली. बनुबाईंनी नऊही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, पुन्हा पाहिले. मग हळूच विचारले, "आवं, माज्या आईचा न्हाई का ह्यात?"

तो नव्हता.

मित्रांनो, एक फोन करायला किती वेळ लागतो? न मागवलेल्या पार्सलची पावती उघडायची कशाला? लाल पाटी तुमच्या भल्यासाठी असते, ती वाचा. प्रती काढून वेगळ्या ठेवा. मी यंत्र आहे. तुम्ही 'उघड' म्हणालात की मला उघडावेच लागते. नको म्हणणे मला जमत नाही, ते तुम्हालाच म्हणावे लागेल.