माश्यांची झोप

कॉलेज एवढंसं. शेवटच्या वर्षाला जीवशास्त्र घेणारी डोकी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, आणि त्यांत लेकुरवाळी ती एकटीच. म्हणून सगळे तिला 'आईसाहेब' म्हणत.

गेलं वर्ष बाळंतपणात गेलं होतं. यंदा फळमाश्यांचा प्रयोग पुरा झाला नाही, तर हेही हातचं जाणार. प्रयोग दिसायला सोपा: लाल डोळ्यांच्या माद्या, पांढऱ्या डोळ्यांचे नर, आणि त्यांच्या पिल्लांचे डोळे बघायचे. मेख एकच. माद्या कोषातून नुकत्या निघालेल्या हव्यात. उशीर झाला की त्या बाटलीतल्याच नरांशी जमवून मोकळ्या होतात.

तिने माश्या झोपवायला इथरच्या बाटलीत उतरवल्या आणि सासूबाईंचा फोन आला.

"काही नाही गं, दाराकडे बघून रडतोय नुसता. तू तुझं चालू दे."

चालू दे म्हणे! कुर्ता छातीशी ओला झाला. "त्याच्या कानाला लावा ना फोन," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून बोबडं बोलत राहिली. मग माश्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ओतल्या, तर एकूण एक पंख ताठ उभे. झोपलेली माशी पंख मिटून असते. उभे पंख म्हणजे इथर जास्त झालं, खेळ खलास.

"आईसाहेब," शेजारची मैत्रीण म्हणाली, "झोपवायचं होतं हो, कायमचं नाही!"

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले.

मॅडमनी माश्या वाढवायची बाटली उजेडात धरली. "थोडे कोष आहेत अजून. पण हे शेवटचेच. आज जाताना मोठ्या माश्या सगळ्या काढून टाक आणि उद्या उजाडताच ये."

उजाडताच. म्हणजे डोळेही न उघडता बाळ तिला चाचपडतं, नेमकी ती वेळ.

सकाळी तिने त्याच्या मुठीतून आपली वेणी हळूच सोडवली. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. बाटलीत नव्या माश्या फिकट, मऊ, अजून अंग धरायच्या होत्या. इथर देताना तिने नजर हलवली नाही. ब्रशच्या टोकाने माद्या वेगळ्या केल्या, त्यांच्यात पांढऱ्या डोळ्यांचे नर सोडले, कापसाचा बोळा लावला. जमलं.

घरी सासूबाई दारातच होत्या. "उठवू नकोस हं. आज मुळीच रडला नाही. शहाण्यासारखा जेवला नि झोपला. माश्यांचं काय झालं?"

"जगल्या."

"मग झालं तर!"

झालंच होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. तिने हात धुतले, पुन्हा धुतले. इथरचा वास जाईना. मग ती त्याच्या शेजारी आडवी झाली. छाती दुधाने ठणकत होती. तो कूस बदलेल, थोडं तरी चाचपडेल, म्हणून ती श्वास धरून त्याच्याकडे बघत राहिली.