पूल नको

लतिकाबाईंनी माऊसचं बटण दाबलं आणि समुद्रातून एक दगडी बुरूज वर आला. त्या दचकल्या. हात पदराला पुसून त्यांनी प्राचीकडे बघितलं.

"हे मी केलं?"

"तुम्हीच, काकू. आता बाजूला दाबा, घर येईल."

लालबागच्या चाळीतली ती दहा बाय पंधराची खोली रविवारच्या जेवणानंतर जरा सैलावली होती. कोलंबीच्या कालवणाचा वास अजून रेंगाळत होता. प्राचीने घडीच्या टेबलावर लॅपटॉप उघडून लतिकाबाईंना समोर बसवलं होतं. एका मराठी वेबसाइटवर ती दर आठवड्याला कॉम्प्युटर गेमवर लिहायची, आणि तिच्या वाचकांना ठाऊक होतं की ही बाई आडपडदा ठेवत नाही. शेवटी एकच ओळ असायची: घ्या, नाहीतर घेऊ नका. निकाल देण्याआधी तिची एक पद्धत होती. ज्याने आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही त्याच्या हातात तो द्यायचा आणि आपण गप्प बसून त्याच्या तोंडाकडे बघायचं.

या गेमचा निकाल तर जवळजवळ लागलाच होता. जुन्या काळचं, राजेराजवाड्यांच्या जमान्यातलं गाव वसवायचं. दगडी घरं, तटबंदी, बाजार. दिसायला गोड, यात वाद नाही. पण शत्रू नाही, दुष्काळ नाही, कर नाही, हरणं नाही की जिंकणं नाही. 'यात काहीच घडत नाही,' असं प्राचीने ठणकावून लिहिलं होतं. आता काकूंना एकदा कंटाळलेलं बघितलं की लेख पाठवायला ती मोकळी.

खरं तर ती आज तेवढ्यासाठी आलीच नव्हती. लतिकाबाईंच्या मुलाशी, हितेंद्रशी, तिचं लग्न ठरलं होतं. म्हणजे ठरलं होतं आणि अडलंही होतं. दोघांचं सगळं जुळत होतं, फक्त राहायचं कुठे यावर गाडी येऊन थांबायची. माटुंग्याला भाड्याचा एक फ्लॅट मनासारखा मिळत होता. प्राचीला तिथे दोघांचाच संसार हवा होता. हितेंद्र म्हणायचा, बाबा गेल्यापासून आई एकटी आहे, तिला या खोलीत टाकून मी जायचा नाही. यावर भांडणं झाली, अबोले झाले, आणि शेवटी प्राचीनेच माघार घेतली. आईला टाकून न जाणारा माणूस वाईट नसतो, असं तिने स्वतःला कितीदा तरी समजावलं होतं. पटलं होतं, पचलं मात्र नव्हतं. आज हितेंद्र आईला माटुंग्याला येशील का, असं विचारणार होता.

दार चाळीच्या रिवाजाप्रमाणे सताड उघडं होतं. शेजारची पूर्वी वाटी घेऊन आत आली.

"काकू, विरजण आहे?"

लतिकाबाई उठल्या, विरजण दिलं, परत बसल्या. माऊस हातात घेतात न घेतात तोच पलीकडच्या खोलीतला धनेश फोन नाचवत आला. विजेच्या बिलाचा मेसेज खरा की खोटा, ते त्याला काकूंकडूनच हवं होतं. त्या पुन्हा उठल्या.

हितेंद्रने खाटेवरून कौतुकाने मान हलवली. "बघितलंस? हिच्याशिवाय चाळीत पान हलत नाही. हिचा जीव माणसांतच रमतो."

प्राचीला ते मान्यच होतं. थोरली सून म्हणून लतिकाबाई या खोलीत आल्या तेव्हा इथे सासू-सासरे होते, दोन दीर होते, एक नणंद होती. शिवाय कणकवलीहून कोणी नोकरी शोधायला यायचं, कोणी दवाखान्यासाठी, आणि सगळ्यांची अंथरुणं याच फरशीवर पडायची. एकेक करून सगळे आपापल्या घरी गेले. दार तेवढं उघडं राहिलं.

लतिकाबाई परत येऊन बसल्या. प्राचीने आधीच किनाऱ्यावर एक देखणं गाव उभं केलं होतं. तिला वाटलं, काकू त्यातच चार घरं वाढवतील. पण त्या नकाशा सरकवत दूर निघाल्या.

"तिकडे काय आहे?"

"समुद्र."

"आणि त्याच्या पुढे?"

पुढे पार कोपऱ्यात एक खडक होता. लतिकाबाईंनी तिथे एक घर बांधलं. लाल कौलं, एक खिडकी. दुसरी खिडकी चुकून झाली ती काढायला लावली. धुराड्यातून धूर निघाला, तशा त्या हनुवटीला हात लावून बसल्या आणि बघतच राहिल्या. हितेंद्रने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. प्राची कंटाळ्याची वाट बघत होती. कंटाळा काही येईना.

"पुढे काय होतं गो यात?"

"काही नाही, काकू."

"कोण येत नाही?"

"रस्ता जोडला तर येतात. नाहीतर नाही."

"काही मागत नाही?"

"नाही. तेच तर..." प्राची बोलता बोलता थांबली.

"मग घेण्यासारखा आहे की," लतिकाबाई म्हणाल्या.

'घेऊ नका' प्राचीने मनातल्या मनात खोडून टाकलं.

हितेंद्रने घसा खाकरला. घोकून ठेवलेलं बोलायला हीच वेळ बरी, असं त्याला वाटलं असावं.

"आई, माटुंग्याचा फ्लॅट पक्का करतोय आम्ही. तिघांसाठी. तू पण चल. तुला अशी एकटी ठेवून मी जाणार नाही."

लतिकाबाईंची नजर त्या धुराड्यावरच होती. हितेंद्र उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला, आणि त्याला आईची चूक दिसली.

"अगं, याला रस्ताच नाही! थांब."

त्याने वाकून माऊस घेतला आणि गावापासून खडकापर्यंत एक लांबलचक पूल ओढला. लगेच गावातली इवली इवली माणसं पुलावरून निघाली. दोघांच्या डोक्यावर टोपल्या, एकाच्या हाताशी बकरी. ती लाल कौलांच्या घरापाशी पोचली आणि दारात जाऊन उभी राहिली.

लतिकाबाईंचा चेहरा उतरला.

"काढ तो."

"अगं, मग लोक येणार कसे?"

"होडीने." लतिकाबाई म्हणाल्या. "रविवारी. आधी कळवून."

हितेंद्र एकटाच हसला. प्राचीने त्याच्या हातातून माऊस घेतला आणि पूल काढून टाकला. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. या बाईला बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं, यावर दोघांनी इतकी भांडणं केली होती. तुम्हाला काय हवं, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं. त्यानेही नाही.

"तिकडे तुम्ही दोघंच राहा," लतिकाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. "मी इथे बरी."

"आई, तुला एकटं वाटेल गं."

"वाटेल ना. आजवर कधी वेळच आली नाही रे. बघू तरी, कसं वाटतं ते."

हितेंद्र काही बोलणार, तेवढ्यात बाहेरून चाळीतल्या रामदासकाकांचा आवाज आला. "लतिकाबाई, जरा किल्ली ठेवायची होती."

लतिकाबाईंनी सवयीने गुडघ्यावर हात टेकला. पण त्यांच्याआधी हितेंद्र दाराशी पोचला होता. त्याने किल्ली घेतली.

"आई कामात आहे, काका," तो म्हणाला, आणि दार हळूच लोटून घेतलं.